मृत्युपत्रावरचा संशय: १९५८ पासूनचा मागोवा

धाडसारख्या गावात मृत्युपत्राचा वाद बहुधा फेरफाराच्या नोटिशीपासून सुरू होतो. तेरावं उरकतं, सातबाऱ्यावर वारसांची नावं चढायची असतात, आणि तेवढ्यात एक भाऊ कागद पुढे करतो: सगळं शेत माझ्या नावे. बहिणींच्या आणि धाकट्याच्या मनात पहिल्यांदा येतो तो अन्याय. न्यायालय मात्र आधी वेगळंच विचारतं. गेल्या साठ-पासष्ट वर्षांचे निकाल पाहिले की माझं एक मत पक्कं होतं: वाटणी विषम आहे एवढ्यावर आव्हान टिकत नाही, तो कागद कसा झाला तेच शोधावं लागतं.

१९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६३ ची अट साधी आहे. लिहून देणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा, आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या केलेल्या हव्यात. पण अट पुरी झाली म्हणजे खरेपणा ठरला का? याचं उत्तर नोव्हेंबर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी दिलं. सही थरथरती आहे, करणाऱ्याचं मन दुबळं झालं होतं, वाटणी अस्वाभाविक आहे, किंवा ज्याला मोठा लाभ झाला त्यानेच कागद करवून घेण्यात पुढाकार घेतला, असा संशय असेल तर तो फेडण्याचा भार मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर पडतो. १९७६ मध्ये न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी हेच आणखी पुढे नेलं. असा संशय आला की तो दोन पक्षांचा नेहमीचा झगडा राहत नाही, न्यायालयाच्या सदसद्विवेकाची खात्री पटावी लागते. मेलेला माणूस पिंजऱ्यात येऊन बोलू शकत नाही, म्हणून ही कसोटी मला न्याय्य वाटते. फसवणूक किंवा दडपण झालं असा स्पष्ट आरोप केला तर मात्र तो आरोप करणाऱ्यालाच सिद्ध करावा लागतो. पुष्कळ दावे इथेच ढासळतात.

‘नोंदणीकृत आहे, आता काय बोलायचं?’ असं गावात हमखास ऐकू येतं. मृत्युपत्राची नोंदणी मुळात ऐच्छिक आहे, आणि केवळ नोंदणीने संशय धुऊन निघत नाही, हेही न्यायालयाने साठीच्या दशकातच सांगून ठेवलं. २००२ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या एका खटल्यात तर मृत्युपत्र साक्षीदारावरच अडलं. तपासलेल्या एकमेव साक्षीदाराला दुसऱ्याच्या सहीबद्दल सांगता आलं नाही, हयात असलेल्या दुसऱ्याला बोलावलंच नाही, आणि मृत्युपत्र सिद्ध झालं नाही. ‘मग माणसाला आपल्या कमाईचं मनासारखं करण्याची मुभाच उरत नाही’ हा आक्षेप वजनदार आहे. त्याला उत्तर १९९५ च्या एका निकालात मिळतं: नैसर्गिक वारसाला डावलणं हाच मृत्युपत्राचा हेतू असू शकतो, तेवढ्याने ते संशयास्पद ठरत नाही. म्हणूनच ‘आम्हाला काहीच दिलं नाही’ ही तक्रार एकटी अपुरी पडते.

यापलीकडे एक प्रश्न उरतो, आणि आपल्याकडे तोच निर्णायक ठरू शकतो: देणाऱ्याचं होतं तरी किती? वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत हिंदू बाप फक्त स्वतःच्या हिश्श्याचंच मृत्युपत्र करू शकतो. हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे त्या मालमत्तेतली हिस्सेदार झाली, आणि बाप त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही हे ऑगस्ट २०२० मध्ये ठरलं. मुस्लिम कुटुंबांत वारसांच्या संमतीशिवाय एक-तृतीयांशापलीकडचं मृत्युपत्र टिकत नाही. तेव्हा नोटीस आली की मुदतीत लेखी हरकत द्या, नोंदणी झाली असेल तर दुय्यम निबंधकाकडून नक्कल काढा, आणि दोन्ही साक्षीदार कोण ते आधी पाहा. फेरफार मंजूर झाला तरी त्याने मालकी ठरत नाही. ती दिवाणी न्यायालयच ठरवतं.