फास्ट रॅम घ्यायची की जास्त रॅम? पैसे मोजण्याआधी एवढं बघा

या वेळच्या व्हिडिओत कॅबिनेट उघडून रॅम बसवून दाखवली. पण बसवणं पाच मिनिटांचं काम आहे हो. कोणती घ्यायची आणि मुळात घ्यायची का, पैसे तिथे जातात. व्हिडिओत तो भाग घाईत झाला, म्हणून इथे सावकाश लिहितोय.

आपल्या महाड-पोलादपूर पट्ट्यात दुकानांतले बरेच डेस्कटॉप सेकंडहँड आहेत. जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा कित्येकांची मशीनं चिखलात गेली. परत दुकान उभं करताना नवीन घ्यायला पैसा कुठला? मग कंपन्यांमधून निघालेले जुने डेस्कटॉप घेतले गेले. ते अजून चालतात, पण रडतखडत. आणि कुणीतरी सांगतं, "३२०० ची रॅम टाक, पळायला लागेल."

आधी ३२०० म्हणजे काय ते बघू. दुकानातच समजा. हार्ड डिस्क म्हणजे मागचं गोदाम आणि रॅम म्हणजे काउंटर. रॅम किती जीबी, म्हणजे काउंटर किती लांब. २४०० किंवा ३२०० हा आकडा म्हणजे काउंटरवरून माल मालकाच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, हातात देणारा पोऱ्या किती चपळ. काउंटरच आखूड असेल तर प्रत्येक वस्तूला गोदामात पळावं लागतं, मग पोऱ्या कितीही चपळ असो.

म्हणून पहिलं काम, गर्दीच्या वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. रोजचं काम चालू असताना मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर जात असेल, तर तुम्हाला जास्त रॅम हवी आहे, फास्ट नाही. मेमरी निम्मीच भरलीय आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकलीय, तर रॅमला हात लावू नका, एसएसडी घ्या. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर गेल्यावर जो फरक पडतो, तसा २४०० वरून ३२०० वर जाऊन कधीच पडत नाही.

त्याच पानावर खाली स्पीड आणि किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं. "दोनपैकी एक" असं दिसलं तर खूश व्हा, कारण सगळ्यात स्वस्त वेग तिथेच लपलाय. हिशोब सोपा आहे. डीडीआर४ ची स्टिक प्रत्येक फेरीत ८ बाइट देते. २४०० ला ८ ने गुणा, सेकंदाला १९.२ जीबी. ३२०० असेल तर २५.६ जीबी. पण २४०० च्याच दोन स्टिक दोन चॅनलवर लावल्या तर ३८.४ जीबी! म्हणजे एका चपळ पोऱ्यापेक्षा दोन साधे पोरे भारी. हे कागदावरचे आकडे आहेत, प्रत्यक्ष कामात तेवढी उडी दिसत नाही, पण दिशा हीच.

अजून एक गोष्ट विकणारा सांगत नाही. डब्यावर सीएल असा आकडा असतो, म्हणजे हाक मारल्यापासून माल यायला लागेपर्यंतची थांबण्याची वेळ. साध्या २४०० सीएल १७ ला ती सुमारे १४.२ नॅनोसेकंद, साध्या ३२०० सीएल २२ ला १३.७५. जवळजवळ सारखंच की!

पोलादपूरच्या एका ताईंचं उदाहरण देतो. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, दाखल्यांची कामं. जूनमध्ये अॅडमिशनची रांग लागते तेव्हा ब्राउझर गोठायचा आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं. मशीन आय-३ ८१०० चं, २४०० ची ८ जीबीची एकच स्टिक, आणि जुनी हार्ड डिस्क. त्यांना कोटेशन मिळालं होतं, जुनी काढा, ३२०० च्या दोन नवीन टाका. पैसे बचत गटाच्या कर्जातले. आता गंमत बघा, हा प्रोसेसर २४०० पर्यंतच रॅम चालवतो. इंटेलच्या त्या काळातल्या स्वस्त एच सिरीज बोर्डवर त्यापुढे जाता येत नाही. ३२०० ची लावली तरी ती २४०० वरच चालली असती. आम्ही जुनी स्टिक ठेवली, तशीच दुसरी ८ जीबीची शेजारी लावली आणि उरलेल्या पैशांत एसएसडी टाकली. यंदा जूनमध्ये रांग तशीच होती, पण फॉर्म भरताना मशीन अडलं नाही.

मग फास्ट रॅम कुणाला लागते? ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही आणि रायझन ३२००जी किंवा ५६००जी सारखा प्रोसेसर आहे, त्यांना. तिथे चित्र काढायलाही हीच रॅम वापरली जाते. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या स्टुडिओवाल्यांना फरक जाणवतो. फक्त लक्षात ठेवा, काही स्टिक बायोसमध्ये एक्सएमपीचं सेटिंग ऑन करेपर्यंत २१३३ किंवा २६६६ वरच चालतात. बसवून घेतल्यावर टास्क मॅनेजरमध्ये स्पीड बघूनच पैसे द्या. आणि वेगवेगळ्या वेगाच्या दोन स्टिक लावल्या तर दोन्ही हळू स्टिकच्या वेगाने चालतात, हे धरून चाला.

तुमचं मशीन डीडीआर३ चं असेल तर थांबा. डीडीआर४ त्यात बसतच नाही, खाचच वेगळ्या जागी असते. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या जवळपास सगळ्या प्रोसेसरना नाही म्हणतं. अशा मशीनवर मोठा खर्च करू नका, ते पैसे पुढच्या मशीनसाठी ठेवा. त्यात २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव चढलेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळतोय. त्यामुळे चालू स्थितीतली जुनी स्टिक फुकटात देऊन येऊ नका.

स्वस्त सेकंडहँड स्टिक घेताना सोनेरी पिना उजेडात बघा. हिरवट डाग किंवा चिखलाचा पापुद्रा दिसला तर सरळ नको म्हणा. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमटपणामुळे चांगल्या पिनाही काळवंडतात आणि मशीन नुसतं बीप बीप करतं. तेव्हा वायर काढून, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून, पिना साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा. बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं, नवीन रॅम लागतच नाही. घेतलीच तर जीएसटी बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि विंडोज मेमरी डायग्नोस्टिक दुकानातच चालवून बघा. थोडा वेळ लागतो, तेवढ्यात चहा घ्या.