चिल्लरीचा भरणा आणि खात्याची गुप्तता

पेणजवळच्या रामवाडीतील एखाद्या दुकानदाराने गल्ल्यात साचलेली चिल्लर बँकेत नेली असता, मोजावयास माणूस नाही या सबबीवर ती नाकारण्याची मुभा शाखेस नाही. कारण २०११ च्या नाणे कायद्याच्या कलम ६ ने रुपया व त्यावरील नाण्यांस घातलेली हजार रुपयांची मर्यादा आपापसांतील देण्यापुरती असून, खात्यातील भरण्यास रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा ठेवलेली नाही. एक व दोन रुपयांची नाणी वजनावर घ्यावीत, आणि शंभर-शंभरांच्या प्लॅस्टिक पिशव्या बांधून आणल्यास रोखपालाचे काम सुकर होते, असेही तिचे निर्देश आहेत. पन्नास पैसे आजही वैध आहेत. पंचवीस पैसे मात्र ३० जून २०११ पासून बाद झाले.

राष्ट्रीयीकृत बँकांवर १९७० च्या कायद्याचे कलम १३ खातेदाराच्या व्यवहारांच्या गुप्ततेचे बंधन घालते. तेव्हा जेथे रांगेतील प्रत्येक जण ओळखीचा, तेथे खिडकीतून शिल्लक मोठ्याने पुकारली जाणे मला सर्वथा अनुचित वाटते, आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून मागण्यात खातेदाराने तिळमात्र संकोच बाळगू नये. लेखी तक्रारीस तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.