संमेलनाहून काय आणावे?

गेल्या वर्षी विद्यार्थी प्रतिनिधींच्या एका राष्ट्रीय संमेलनासाठी मी पुण्यास गेलो होतो. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील काही महाविद्यालयांचे सचिव बरोबर होते. परत आल्यावर मित्रांचा पहिला प्रश्न आला, "काय आनलं रे भो?" प्रश्न थट्टेचा होता, पण रास्त होता. प्रतिनिधीच्या प्रवासखर्चात प्रत्येक विद्यार्थ्याने भरलेल्या शुल्काचा वाटा असतो. बिल्ला, कापडी पिशवी आणि पाहुण्यांबरोबरचे छायाचित्र एवढेच घेऊन तो परतला, तर इतरांनी जाब विचारलाच पाहिजे. म्हणून अशा संमेलनाचा उपयोग कोणता आणि तो कसा करून घ्यावा, हे येथे थोडक्यात मांडतो.

प्रथम आपली स्थिती पाहू. १९८९ मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या धामधुमीत एका विद्यार्थ्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने निवडणुकांऐवजी गुणवत्तेची पद्धत आणली. मागील परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी वर्गप्रतिनिधी होई. क्रीडा, सांस्कृतिक कार्य, राष्ट्रीय सेवा योजना यांचे प्रतिनिधी प्राचार्य नेमत. आणि हे सारे मिळून आपल्यातून एक सचिव निवडत. मारामाऱ्या थांबल्या हे खरे. परंतु ज्याला कोणी मत दिले नाही त्याला हिशेब तरी कोण विचारणार? २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. पण मधल्या दोन तपांत विद्यार्थी मंडळ कसे चालवावे याची परंपराच तुटली. आमच्या आधीच्या सचिवांनी मागे कागद ठेवले नाहीत, कारण त्यांच्यासाठीही कोणी ठेवले नव्हते. शिकायचे कोणाकडून, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर व्यासपीठावर मिळाले नाही. तेथली भाषणे चांगली होती. पण भाषण करणाऱ्यांना आमच्या मंडळाच्या कपाटात काय आहे हे कसे ठाऊक असणार? ते ठाऊक होते आमच्याच वयाच्या, आमच्याच अडचणीत असलेल्या मुलामुलींना. भोजनाच्या रांगेत आणि रात्री निवासाच्या खोलीत खरी शाळा भरली.

केरळच्या एका विद्यार्थ्याकडून कळले की, त्यांच्या महाविद्यालयांत अध्यक्ष व सरचिटणीस यांच्याप्रमाणेच वार्षिक अंकाचा संपादकही निवडून येतो. अंक उशिरा निघाला किंवा नीरस झाला, तर त्याला विद्यार्थ्यांसमोर उभे राहावे लागते. प्रस्तुत अंकाच्या संपादक मंडळाने हे वाचून घाबरू नये! दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात निवडणूक चालवणारी समिती विद्यार्थ्यांचीच असते. मतदानापूर्वी अध्यक्षपदाचे उमेदवार सर्वांसमोर वादविवाद करतात आणि श्रोते त्यांना प्रश्न विचारतात. पोस्टरवर नाव वाचून मत देणे आणि उमेदवाराची उलटतपासणी ऐकून मत देणे यांतला फरक सांगायला नको.

पैशाचा प्रश्नही निघाला. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या. त्यानुसार उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ५००० रुपये आहे, छापील पोस्टर लावता येत नाही, आणि निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. आमच्या खोलीतल्या गप्पांत याच नियमावरून एक सूचना पुढे आली : उमेदवाराने हिशेब द्यायचा, तर निवडून आल्यावर मंडळाने का देऊ नये? स्नेहसंमेलनाचा मंडप, ध्वनिक्षेपक, बक्षिसे यांवर काय खर्च झाला, हे सूचनाफलकावर लावायला एक कागद आणि चार टाचण्या पुरतात.

आम्ही केवळ घेणारे नव्हतो, हेही सांगितले पाहिजे. धुळ्याहून आलेल्या एका सचिव भगिनीने 'कमवा आणि शिका' योजनेची माहिती दिली, तेव्हा इतर प्रांतांतील मंडळींनी वह्या उघडल्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या विचारातून आलेली ही योजना आपल्याला इतकी परिचयाची आहे की तिचे महत्त्व आपल्या ध्यानात येत नाही. ग्रंथालयात किंवा बागेत काही तास काम करून शुल्क भरणारा विद्यार्थी दयेवर शिकत नाही, हे तिने नीट समजावले. आपल्याजवळ काय आहे, हे पुष्कळदा परक्याने प्रश्न विचारल्यावर कळते.

अशा शिकण्याची रीत खानदेशाला नवी नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी राजबंद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली. ऐकणारे अनेक होते. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्या हाती आला. ऐकलेले टिपून ठेवले नाही, तर ते त्या तुरुंगाच्या भिंतींतच राहिले असते.

दुसरे उदाहरण जळगाव जिल्ह्यातील फैजपूरचे. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन तेथे झाले. त्याच वेळी शेतकऱ्यांचा एक जथा मनमाडहून फैजपूरपर्यंत पायी चालत आला, वाटेतल्या गावांना आपला हेतू समजावीत आला. त्यांचे अधिवेशन मंडपात सुरू झाले नाही. ते रस्त्यावरच सुरू झाले होते.

या दोन उदाहरणांतून प्रतिनिधीची कामे ठरवता येतात. जाण्यापूर्वी त्याने वर्गावर्गांत फिरून अडचणी लिहून घ्याव्यात. आमच्याकडे अशी पहिली अडचण निघाली ती एस. टी. ची : शेवटचा तास संपण्याआधीच गावाची गाडी सुटते, म्हणून खेड्यावरची मुले, विशेषतः मुली, तो तास सोडतात. सवलतीचा पास खिशात आहे, पण गाडी वेळेवर नाही, तर त्या पासाचा उपयोग काय? संमेलनात गेल्यावर 'तुमच्याकडे कसे आहे?' एवढ्यावर न थांबता 'हे कोणी सुरू केले, अर्ज कोणाकडे दिला, किती महिने लागले, काय फसले?' असे विचारावे. यशाची हकीगत कोणीही सांगतो. फसलेल्या गोष्टीची हकीगत अधिक शिकवते. आणि परतल्यावर आठ दिवसांत सर्वांसमोर वृत्तान्त व खर्च मांडून त्याची एक प्रत ग्रंथालयात ठेवावी.

यांपैकी शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, असे मला वाटते. प्रतिनिधी एका वर्षाचा असतो. तृतीय वर्षाची परीक्षा झाली की तो जातो, आणि त्याच्याबरोबर त्याने शिकलेलेही जाते. पुढच्या सचिवाला पुन्हा ओनाम्यापासून आरंभ करावा लागतो. आम्ही या वर्षी एक जाड वही सुरू केली आहे. एस. टी. च्या आगारप्रमुखांना दिलेल्या अर्जाची नक्कल, स्नेहसंमेलनाचा हिशेब आणि पुण्यात भेटलेल्यांनी सांगितलेल्या युक्त्या तीत आहेत. गाडीची वेळ अद्याप बदललेली नाही. ती वही ग्रंथपालांकडे ठेवली आहे. जून महिन्यात जो कोणी निवडून येईल त्याने ती मागून घ्यावी आणि अर्ज पुढे चालवावा.