कापलेला खांब

शाळेला 75 वर्षं झाली म्हणून गेल्या महिन्यात आम्हा जुन्या मुलींना सांगलीला बोलावलं होतं. मांडव मैदानातच. सनई, फेटे, पाहुण्यांची वाट बघणं, सगळं यथासांग. मी मात्र खाली बघत होते. मैदानभर पेव्हर ब्लॉक बसवलेत आणि गेटाकडचा खो-खोचा खांब बुडापासून कापलाय. ब्लॉकांच्या मधे वाटीच्या तोंडाएवढा लाकडी चकता तेवढा उरलाय. त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला होता.

पाहुणे उठले आणि म्हणाले, आजची मुलं मोबाइलमुळे मैदान विसरली. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी माझी एकोणीस वर्षांची भाची बसली होती. कॉलेजच्या ट्रेकआधीच्या तपासणीत तिचं ब्लडप्रेशर 138/88 निघालं, बसल्या जागी नाडी 98. डॉक्टर म्हणाले, पुन्हा मोजू, घाबरू नका, पण पोरीला दम म्हणून नाही. विसरली म्हणे! तिला मैदान दाखवलं होतं कुणी?

मी पाचवीत आले 1981 साली. शाळा सुटली की मैदानावर पाणी मारायचं, फक्कीच्या रेषा ओढायच्या आणि दिवेलागणीपर्यंत पळायचं. आठ जणी पाटीवर उकिडव्या बसलेल्या, समोर तिघींची तुकडी. पळायचं, हूल द्यायची, खांबाला वळसा घालून पुन्हा पळायचं. पी.टी.चे सर हडकुळे होते, शिट्टी सोडली तर त्यांच्याकडे सामान नव्हतं. पळती संपली की ओरडायचे, ‘‘बोटं गळ्याला!’’ पंधरा सेकंद ठोके मोजायचे, चारने गुणायचे. माझे 180 यायचे. दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचे. जिची नाडी लवकर खाली येई ती पहिल्या तुकडीत, मग तिचा बाप कुणी का असेना. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मोजून वहीत लिहायचा दंडक होता. आठवीच्या दिवाळीत मी 58 लिहिले आहेत. ती वही आईने रद्दीत घालू दिली नाही, एवढे तिचे उपकार.

त्यातलं इंगित फार उशिरा कळलं. रोज दम लागेपर्यंत पळणाऱ्याच्या हृदयाचा डावा कप्पा जास्त भरतो, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतो, म्हणून विश्रांतीत त्याला कमी ठोके पुरतात. रक्तवाहिन्यांचं अस्तरही लवचीक राहतं. आणि हा हिशेब पन्नाशीत सुरू होत नाही. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावात 1973 पासून मुलांच्या तपासण्या होत गेल्या. त्यांतली जी अपघातात किंवा अशीच अकाली गेली, त्यांच्या रक्तवाहिन्यांत शाळकरी वयातच चरबीच्या रेघा सापडल्या.

नववीत माझं पळणं बंद झालं. ‘‘मोठी झालीस आता,’’ आई म्हणाली. वही जपणारीही तीच, हे विसरायचं नाही. घरच्यांचं एक वेळ समजू शकते. पण शाळेत पी.टी.चा तास आला की गणिताच्या बाई दारात उभ्याच. ‘‘पोर्शन राहिलाय.’’ मागच्या बाकावरून कुणी हुं केलं तर वर ऐकवायच्या, ‘‘उड्या मारून मार्क मिळतात का?’’ सर व्हरांड्यात शिट्टी खिशात घालून उभे राहायचे. दहावीला तर तो तास वेळापत्रकात नुसता छापायला होता. तेव्हा आमच्या गल्लीत टीव्ही दोन घरांत, फोन एका घरात. मोबाइलवर खापर फोडणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं.

पुढे मिरजेच्या कॉलेजला रोज सायकल मारली, म्हणून जीव जरा तगला. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं नोकरी, डबे, लोकल आणि सासरची आजारपणं. लिहिण्याजोगं त्यात काही नाही. कमावलेला दम मात्र साठवून ठेवता येत नाही, पळणं थांबलं की थोड्या आठवड्यांत उतरणीला लागतो. माझी नाडी आज 80 आहे.

पळण्याचं मोल तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, असंही नाही. बाबा एसटीत कंडक्टर होते. लंडनच्या डबलडेकर बसमध्ये जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे संशोधक जेरी मॉरिस यांनी 1953 साली मांडलं होतं. म्हणजे गणिताच्या बाईंनी आमचा तास उचलला त्याच्या तीसेक वर्षं आधी. आता जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं अंगमेहनतीची हालचाल सांगते. याच संघटनेच्या संशोधकांनी 146 देशांची 2016 पर्यंतची माहिती तपासली, तर 11 ते 17 वयाची 81 टक्के मुलं तेवढीही हलत नव्हती. मुलगे 78, मुली 85. ही सातांची तफावत कुठून येते, ते मला नववीपासून ठाऊक आहे.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला, कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. त्या दिवशी आमच्या माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले. खांब तेव्हा उभा होता की कापून झाला होता, कुणी विचारलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर भाचीला तो चकता दाखवला. कप उचलून तिने त्यावर एक पाय ठेवला, तोल सावरत उभी राहिली. ‘‘इथून तिकडे पळायचीस?’’ तेवढ्यात मांडवाच्या कडेने पाचवी-सहावीच्या चार मुली एकमेकींच्या मागे सुसाट सुटल्या. माइक अजून चालू होता.

‘‘मुलींनो, पळू नका. ब्लॉकवरून पाय घसरतो.’’