ईव्ही रात्रभर चार्जिंगला लावून झोपताय? पण स्वस्त वीज तर आता दुपारी मिळतेय

रात्रीचे साडेआठ. पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीचं पार्किंग. ऑफिसमधून आलेली गाडी जागेवर लागते, मालक डिकीतून केबल काढतो. एक टोक भिंतीतल्या सॉकेटला, दुसरं गाडीला. दिवा लुकलुकला की माणूस लिफ्टकडे. सकाळी गाडी फुल्ल.

मोबाईल लावतो तशीच गाडी लावायची. यात चुकलं काय?

गाडी चालण्यापुरतं बघितलं तर काहीच नाही. पण घड्याळाकडे बघा. साडेआठला घराघरांत एसी, इंडक्शन, मिक्सर, टीव्ही सगळं एकदम चालू असतं. राज्यात विजेची ओढ वाढलेली असते आणि सोलरची वीज सूर्याबरोबर गेलेली असते. नेमकी त्याच वेळी गाडीही वीज खेचायला लागते. आणि गंमत म्हणजे तिला तेव्हा विजेची काही घाई नसते.

हिशोब सोपा आहे. रोजचं येणं-जाणं ४० किलोमीटर धरू. शहरात चालणारी बरीचशी इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे रोज साधारण ६ युनिट. चार्जिंग करताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, ती धरून मीटरवर ७ युनिट पडतात. १५ अँपियरच्या सॉकेटवरून गाडी तासाला जवळपास ३ युनिट घेते. म्हणजे काम सव्वादोन-अडीच तासांचं. गाडी मात्र रात्री साडेआठ ते सकाळी साडेआठ, बारा तास उभी आहे.

या बारा तासांतले कुठले अडीच तास निवडायचे, यालाच चार्जिंगचं शेड्युलिंग म्हणतात. गाडीच्या अ‍ॅपमध्ये किंवा चार्जरच्या अ‍ॅपमध्ये वेळ टाकायची, केबल संध्याकाळीच लावून ठेवायची, आणि वीज मात्र ठरलेल्या वेळेला सुरू होते.

‘रात्रीची वीज स्वस्त’ हे आलं कुठून?

ईव्ही घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगितलेलं असतं की रात्री लाव, रात्री वीज स्वस्त असते. हे वाक्य खोटं नाही, फक्त जुनं आहे.

कोळशावर चालणारं वीजकेंद्र पंख्यासारखं बटण दाबून बंद करता येत नाही. बॉयलर थंड झाला तर परत तापवायला वेळ आणि इंधन दोन्ही लागतं. त्यामुळे रात्री लोक झोपले, दुकानं-ऑफिसं बंद झाली तरी ही केंद्रं कमी क्षमतेने का होईना, चालूच ठेवावी लागतात. मग ती वीज कुणीतरी वापरावी म्हणून रात्रीचे दर कमी ठेवायचे. ब्रिटनमध्ये १९७८ पासून ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाचा दर आहे. रात्रीचे सात तास स्वस्त वीज, तेव्हा हीटर तापवून ठेवा आणि दिवसभर त्याची ऊब घ्या. महाराष्ट्रातही उद्योगांना वर्षानुवर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत दरात सवलत मिळायची.

आणि शेतकऱ्यांना तर रात्रीची वीज स्वस्त नाही, बळजबरीने मिळायची. कृषिपंपांना आलटून-पालटून दिवसा आणि रात्री वीज. रात्रपाळी आली की बॅटरी हातात घेऊन, साप आणि बिबट्याची भीती मनात ठेवून पिकाला पाणी द्यायला जायचं. ग्रामीण भागात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग सोलर आलं आणि गणित उलटं झालं. दुपारी सूर्य डोक्यावर असताना वीज भरपूर तयार होते आणि ती साठवून ठेवणं अजून महाग आहे. त्यामुळे जगभरात वीज कंपन्या दुपारी ‘वापरा, वापरा’ म्हणतायत आणि संध्याकाळी ‘जरा थांबा’. महाराष्ट्रात २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला, त्यामागेही हेच आहे. शेतीचे फीडर सोलरवर घ्यायचे आणि पंपाला दिवसा वीज द्यायची.

तुमच्या मीटरवर काय बदललं?

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती केली. दिवसातले आठ तास ‘सौर तास’ ठरवायचे आणि तेव्हाचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा, जास्त मागणीच्या तासांत मात्र तो वाढवायचा, असं त्याचं सूत्र आहे. शेती सोडून बाकी ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२५ ही तारीख त्यात लिहिली होती.

महाराष्ट्रात महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी हे १ जुलै २०२५ पासून आलं. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वापरलेल्या विजेवर प्रतियुनिट ८० पैशांपासून सवलत. अट एकच, घरी टीओडी स्मार्ट मीटर हवं. टीओडी म्हणजे ‘टाइम ऑफ डे’. किती वीज वापरली याबरोबर ती कधी वापरली, हेही नोंदवणारं मीटर. या मीटरला राज्यात विरोधही बराच झाला, तो वेगळा विषय. पण जुनं मीटर असेल तर त्याला दुपारचे दोन आणि रात्रीचे दोन सारखेच, त्यामुळे सवलतही नाही.

मुंबईत मात्र अदानी, टाटा पॉवर, बेस्ट आणि काही भागात महावितरण अशी वेगवेगळी कंपनी आहे. त्यामुळे पुण्याच्या मित्राचा सल्ला दादरला जसाच्या तसा चालेल असं नाही. आपल्या बिलाची मागची बाजू वाचावीच लागते.

म्हणजे झालं असं की महावितरणच्या टीओडी मीटरवर ज्या रात्रीला सगळे स्वस्त समजतात, तिथे घरगुती सवलत नाही. ती आहे दिवसा, जेव्हा बहुतेकांच्या गाड्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभ्या असतात!

मग रात्री लावायचीच नाही का?

लावायची. फक्त साडेआठला नाही.

आधी ८० पैशांचं वजन बघू. महिन्याला गाडीचे २१० युनिट धरले आणि सगळे दिवसा भरले, तरी वाचतात १६८ रुपये. वाईट नाही, पण त्यासाठी ऑफिसला सुट्टी टाकावी इतकेही नाहीत. ज्यांचं काम घरून चालतं, ज्यांच्याकडे दुसरी गाडी आहे किंवा गाडी दिवसा दारातच असते, त्यांनी सरळ सकाळी ९ नंतरची वेळ टाकावी. बाकीच्यांसाठी रविवार आहे. सकाळी ९ ते ५ साध्या सॉकेटवरून २४ युनिट जातात, म्हणजे आठवड्याच्या गरजेचा जवळपास निम्मा वाटा एका सुट्टीत भरतो.

याला एक अपवाद, आणि तो विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना लगेच पटेल. मे महिना, उघडं पार्किंग, डोक्यावर ४४-४५ अंशांचं ऊन. अशा वेळी ८० पैसे विसरावेत. लिथियम-आयन बॅटरीचं आयुष्य उष्णतेने कमी होतं आणि तापलेली बॅटरी थंड ठेवायला गाडी स्वतःच वीज खर्च करते.

रात्री चार्ज करणाऱ्यांनी मध्यरात्रीनंतरची वेळ घ्यावी. साध्या मीटरवर यात एक रुपयाही वाचत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण इतर दोन गोष्टी वाचतात.

एक म्हणजे घराचा भार. बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. अनेक घरांत तो दोन-तीन किलोवॅटच असतो. गाडी एकटीच ३ किलोवॅट घेते, त्यात एसी आणि गिझर लागला की एमसीबी पडतो. ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवायचा असेल तर आधी भार वाढवून घ्यावाच लागतो. हेच गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरचं, म्हणजे आपल्या भाषेत डीपीचं. एका सोसायटीत दोन ईव्ही असताना त्याला काही कळत नाही. वीस गाड्या साडेआठला एकदम लागल्या की कळतं, आणि मग अंधार ईव्ही नसलेल्या घरांतही होतो.

दुसरी म्हणजे बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास बसून राहणं आवडत नाही. साडेआठला लावली तर अकराला भरते आणि सकाळपर्यंत तशीच उभी राहते. शिवाय नुकत्याच ट्रॅफिकमधून आलेल्या गाडीची बॅटरी गरम असते. पहाटे तीनला सुरू करून साडेपाच-सहाला संपवलं तर बॅटरीला थंड व्हायलाही वेळ मिळतो आणि भरल्या पोटी बसणंही कमी होतं. काही गाड्यांत निघण्याची वेळ टाकायची सोय असते, बाकीचं मागे मोजून गाडीच ठरवते. रोजच्यासाठी ८० टक्के पुरे, हा सल्ला एनएमसी प्रकारच्या बॅटरीला लागू पडतो. एलएफपी बॅटरीवाल्यांना कंपन्या अधूनमधून १०० टक्के करायला सांगतात, म्हणजे चार्जचा आकडा अचूक दिसतो. आपली कुठली आहे ते गाडीच्या पुस्तिकेत बघून घ्यावं.

खरा खर्च टप्प्यांत आहे

वेळेच्या नादात बरेच जण बिलातली मोठी गोष्ट विसरतात. घरी स्वतःची गाडी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो, ही चांगली बातमी. पण महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. पहिले १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. तिसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून महाग पडतं.

ज्या घराचा वापर आधी १२० युनिट होता, ते गाडीनंतर ३३० वर जातं. फक्त शेवटचे ३० युनिट तिसऱ्या टप्प्यात. ठीक आहे. पण ज्या घरात आधीच २५० युनिट जळत होते, तिथे गाडीच्या २१० पैकी १६० युनिट तिसऱ्या टप्प्यात पडतात. तिथे ८० पैशांची सवलत म्हणजे जखमेवर फुंकर. ‘ईव्ही घेतली आणि बिल तिप्पट झालं’ अशा तक्रारी ऐकू येतात, त्यामागे अनेकदा चार्जिंगची वेळ नसते, हा टप्पा असतो. उन्हाळ्यात एसी आणि गाडी एकत्र आली की तो जास्तच बोचतो.

ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा दरवर्ग आहे आणि त्यात असे टप्पे नाहीत. सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घेतली असेल तर तो दर आणि त्यातले वेळेचे नियम काय आहेत, हे सेक्रेटरींना विचारावं. कमी युनिटवाल्या घराला स्वतःचं मीटर परवडतं, जास्त युनिटवाल्याला बहुधा वेगळी जोडणी.

टायमर लावला, सकाळी गाडी रिकामी

शेड्युलिंगमधला सगळ्यात नेहमीचा घोळ हा की वेळ दोन्हीकडे टाकलेली असते. चार्जरच्या अ‍ॅपमध्ये १२ ते ३ आणि गाडीच्या स्क्रीनवर ३ ते ६. चार्जर वीज देतो तेव्हा गाडी झोपलेली, गाडी जागी होते तेव्हा चार्जर बंद. दोघांनाही वाटतं आपण बरोबर आहोत! वेळ एकाच ठिकाणी टाकावी, शक्यतो गाडीत, कारण रात्री वायफाय गेलं तरी गाडीचं घड्याळ चालू राहतं.

दुसरा घोळ बरोब्बर बाराचा. सगळ्यांनी १२:०० टाकलं तर साडेआठची गर्दी फक्त बारावर सरकते. ब्रिटनने यावर कायदाच केला. ३० जून २०२२ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या घरगुती चार्जरला ठरलेल्या वेळेनंतर आपोआप शून्य ते दहा मिनिटांचा, दरवेळी वेगळा उशीर करावा लागतो. आपल्याकडे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरवूनही हे जमेल. कुणी १२:१०, कुणी १:४०, कुणी ३.

मध्येच लाईट गेली तर? काही चार्जर वीज आल्यावर स्वतःहून पुन्हा सुरू होतात, काही होत नाहीत. हे एकदा घरी मेन स्विच बंद करून तपासून ठेवावं, गावाला निघायच्या आदल्या रात्री नाही.

आणि वायरिंग. गिझर वीस मिनिटं चालतो, गाडी रविवारी आठ तास सलग. जुन्या घरातल्या पातळ वायरीला आणि सैल सॉकेटला हा प्रकार झेपत नाही. मीटरपासून थेट वेगळी लाईन, साधारण ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, नीट अर्थिंग, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. ही लाईन घरच्या इन्व्हर्टरवर चुकूनही जोडलेली नाही, हे इलेक्ट्रिशियनला स्वतः विचारावं, कारण लाईट गेल्यावर गाडी इन्व्हर्टरकडून ३ किलोवॅट मागेल आणि तो मान टाकेल. सोसायटीच्या जनरेटरचंही तसंच. पार्किंगचे सॉकेट त्याच्यावर असतील तर रात्री दोनला गाडी डिझेलवर चार्ज होत असेल आणि त्याचा हिशोब मेंटेनन्सच्या बिलात येईल.