रिपोर्टात न सापडणारा थकवा

टिळकवाडीकरांना ‘व्हॅक्सिन डेपो’ कोठे आहे, हे सांगावे लागत नाही. सकाळी तेथील झाडांखाली फिरताना मात्र पुष्कळांना आठवतही नसेल, की एके काळी येथे देवीची लस तयार होत असे. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवी रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. त्या यशात आपल्या गावाचाही खारीचा वाटा आहे. ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द आपल्याला असा पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. परंतु या परिचयातूनच एक गैरसमज घरोघर रुजला आहे. प्रतिकारशक्ती ही हिमोग्लोबिनप्रमाणे एका आकड्यात मोजता येते, असे अनेकांना वाटते. त्या गैरसमजाची, आणि त्याबरोबरच माझ्या स्वतःच्या एका चुकीची, ही हकिगत.

काही वर्षांपूर्वी नववीत शिकणारी एक मुलगी माझ्याकडे आली. पावसाळ्यात आलेला साधा ताप आठवडाभरात उतरला होता; पण तीन महिने उलटले तरी थकवा जात नव्हता. रात्रभर झोपूनही सकाळी तिला उठवत नसे, वाचलेले ध्यानात राहत नसे. मी हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तशर्करा, ईएसआर, छातीचा एक्स-रे असे सर्व पाहिले. सारे उत्तम! मी तिच्या आईला म्हणालो, “रिपोर्ट नॉर्मल आहेत. आता लाड पुरेत. रोज थोडे जास्त फिरवा, शाळेला पाठवा.” आज हे वाक्य लिहितानाही मला संकोच वाटतो.

पंधरा दिवसांनी वडिलांनी तिला आधार देत आणले. माझ्या सांगण्याप्रमाणे ती शाळेच्या कवायतीला गेली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून चार दिवस अंथरुणातून उठली नव्हती. दरम्यान कोणाच्या तरी सल्ल्यावरून तिचे रक्त रात्रीच्या बसने एका मोठ्या शहरात पाठवून ‘इम्यून प्रोफाइल’ करवून घेतले होते. वडिलांचा महिन्याचा पगार त्यात गेला होता. त्या जाड फाइलीत ‘नॅचरल किलर’ पेशींच्या कार्यक्षमतेपुढे खाली वळलेला एक बाण छापलेला होता. आई म्हणाली, “डॉक्टर, हिची प्रतिकारशक्तीच गेली म्हणे. आता काय करायचं, सांगा की!”

तो बाण समजून घेण्यासाठी मी पुन्हा वाचावयास बसलो. क्रॉनिक फटीग सिंड्रोम, ज्याला आज एमई/सीएफएस म्हणतात, हा विकार नवा नाही. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील सुमारे तीनशे कर्मचारी अशाच विकाराने आजारी पडले आणि रुग्णालय दोन महिन्यांहून अधिक काळ बंद ठेवावे लागले. पुढे १९७० मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी, जुनी टिपणे वाचून, तो सामूहिक उन्मादाचा प्रकार ठरवला. आजारी पडलेल्यांत डॉक्टर आणि परिचारिका होत्या, तरी त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. मग टिळकवाडीतील शाळकरी मुलीची काय कथा!

हा आजार बहुधा एखाद्या संसर्गानंतर सुरू होतो. म्हणून संशोधकांनी प्रतिकारसंस्थेकडे मोर्चा वळवला, आणि ते योग्यच होते. अनेक अभ्यासांत ‘नॅचरल किलर’ पेशींची कार्यक्षमता कमी आढळली. काहींत ती निरोगी माणसांइतकीच निघाली. २००९ साली एक्सएमआरव्ही नावाच्या विषाणूचा गाजावाजा झाला, आणि २०११ मध्ये तो शोधनिबंध मागे घ्यावा लागला. प्रतिकारसंस्थेतील बी-पेशी कमी करणाऱ्या रिटक्सिमॅब या औषधाने नॉर्वेत प्रथम आशा दाखवली. पण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या १५१ रुग्णांच्या चाचणीत ते निरुपयोगी ठरले. २०२५ मध्ये ब्रिटनच्या ‘डीकोडएमई’ प्रकल्पाने पंधरा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून जनुकसंचातील आठ ठिकाणे दाखवली. त्यांपैकी काहींचा संबंध प्रतिकारसंस्थेशी असावा असे दिसते. धागा आहे, यात शंका नाही. परंतु गटाच्या सरासरीत दिसणारा फरक एका मुलीच्या निदानाला पुरत नाही. आजारी आणि निरोगी माणसांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात.

शिवाय ‘नॅचरल किलर’ पेशींची कार्यक्षमता पाहण्यासाठी त्या पेशी जिवंत आणि ताज्या हव्यात. बसच्या प्रवासात त्या मलूल होतात. फाइलीतील तो बाण कदाचित मुलीचा नव्हताच, प्रवासाचा होता!

मग प्रतिकारसंस्थेच्या तपासण्या व्यर्थ आहेत का? मुळीच नाही. वारंवार न्यूमोनिया होणारे, खोल गळवे होणारे, वजन न वाढणारे, किंवा ज्याच्या घरात भावंडे लहानपणीच दगावली आहेत असे मूल असेल, तर इम्युनोग्लोब्युलिन व लिम्फोसाइटांच्या उपगटांची तपासणी प्राण वाचवू शकते. मुंबईत परळला केईएमच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था अशा जन्मजात दोषांचे काम करते. तेथे प्रश्न निश्चित असतो, म्हणून उत्तरही मिळते.

शेजारच्या गोव्यातही एक बोलका अभ्यास झाला. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या या पाहणीत १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांपैकी १२ टक्क्यांनी सहा महिन्यांहून अधिक काळच्या थकव्याची तक्रार सांगितली. या सर्व जणींना एमई/सीएफएस होता असे नव्हे. पण हिमोग्लोबिनशी या थकव्याचा संबंध आढळला नाही. तो आढळला दारिद्र्याशी आणि मनावरील ताणाशी. थकव्याची कारणे अनेक असतात, आणि ती रुग्णाशी बोलल्याखेरीज उलगडत नाहीत.

एमई/सीएफएस वेगळा ओळखता येतो तो एका प्रश्नाने: “श्रम केल्यावर दुसऱ्या दिवशी काय होते?” श्रमानंतर खालावणारी प्रकृती, ताजेतवाने न करणारी झोप, आणि जोडीला बुद्धीचे मांद्य किंवा उभे राहिल्याने वाढणारा त्रास, ही २०१५ च्या अमेरिकी निकषांची त्रिसूत्री आहे. इतर कारणे वगळण्यासाठी साध्या तपासण्या हव्यातच. पण त्या नॉर्मल आल्या म्हणजे रुग्ण खोटा ठरत नाही. आणि श्रम ठरावीक प्रमाणात वाढवत नेण्याचा जुना सल्ला ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये रद्द केला आहे.

त्या दिवशी मी एकच तपासणी केली. मुलीला दहा मिनिटे भिंतीला टेकून उभे केले आणि घड्याळ लावून नाडी मोजली. ती मिनिटाला बेचाळीस ठोक्यांनी वाढली. किशोरवयात चाळीस ठोक्यांची वाढ दखल घेण्याजोगी मानतात. खर्च शून्य. मग मी आईची आणि मुलीची क्षमा मागितली. पाणी व मीठ वाढवले, दिवसाच्या कामाचे लहान तुकडे केले, दमण्याआधी थांबण्याचा नियम घातला आणि शाळेला पत्र दिले.

चमत्कार झाला नाही. तिने दहावीची परीक्षा एक वर्ष उशिरा दिली. आजही तिला शक्तीचा जमाखर्च सांभाळूनच वागावे लागते. पण तिची आई पुढे एकदा म्हणाली, “तुम्ही खरं मानलात, तिथनं तिला बरं वाटायला लागलं.”

प्रतिकारशक्तीचा अचूक आरसा उद्या प्रयोगशाळेत मिळेलही; तो मिळावा अशीच माझी प्रार्थना आहे. तोवर, डॉक्टर मित्रहो, रिपोर्टाच्या आधी रुग्णाचे ऐकू या. आणि पालकहो, फाइल जाड करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एवढेच विचारा: “या तपासणीने उपचारात काय बदलणार आहे?”