गळ्याचे देणे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दौलतगंज ही जुनी वस्ती आहे. शिंदे सरकारांच्या काळापासून ह्या भागात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत, आणि गायन हे तर त्या शहराचे भूषणच होय. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली तेथे गायनशाळा काढली. १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले.

ग्वाल्हेरची ही गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर आणि पलुसकरांचे शिष्य बी. आर. देवधर. देवधरांनी १९२५ साली मुंबईत संगीतशाळा स्थापन केली. परंतु राग शिकवून ते थांबले नाहीत. आवाज कसा निघतो, कशाने बसतो व कसा सुधारतो, ह्याचाही त्यांनी अभ्यास केला. ही विद्या त्यांच्यापाशी शिकून अशोक रानडे (१९३७–२०११) ह्यांनी गायकांच्या व नटांच्या आवाजास वळण लावले.

गाण्याची आवड आणि वाचेची शुश्रूषा ही अशी सख्खी भावंडे आहेत. वाचा-उपचारतज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट, तोतऱ्या मुलास बोलते करतो, ओरडून ओरडून घसा बसलेल्या शिक्षकास श्वास कसा घ्यावा हे शिकवतो, अर्धांगवायूने वाचा गेलेल्या वृद्धास पुन्हा शब्द जुळवण्यास साहाय्य करतो. ज्याचा कान सुरात तयार झाला आहे आणि ज्याला श्वासाचे मोल ठाऊक आहे, त्यास हे काम परके वाटत नाही.

देवाची करणी पाहा! बोलताना अडखळणारा मनुष्य गाताना बहुधा अडखळत नाही. मेंदूच्या डाव्या भागास इजा होऊन ज्याला पाणीसुद्धा मागता येत नाही, तो कधीकधी लहानपणीचे भक्तिगीत शब्दांसह म्हणतो. ह्याच अनुभवावरून अमेरिकेत बोस्टन येथील तज्ज्ञांनी १९७३ साली सुरावर शब्द बसवून बोलणे शिकवण्याची पद्धत मांडली. नुसते गाऊन रोग बरा होत नाही. मात्र सूर हा शब्दाकडे नेणारा एक मार्ग होऊ शकतो.

ख्रिस्तसभेस हे नवे नाही. स्वित्झर्लंडमधील संत गॅलच्या मठातील धन्य नोटकर (मृत्यू ९१२) ह्यांना लोक 'तोतरा' म्हणत. त्यांनीच उपासनेसाठी सुंदर गीते रचली. जखऱ्याची जीभ मोकळी झाली तेव्हा त्याच्या मुखातून प्रथम देवाची स्तुतीच निघाली, असे संत लूक सांगतो.

आईबापहो, गायनमंडळात मन लावून गाणारी आपली मुलगी 'पुढे काय करू?' असे विचारील, तेव्हा ह्या सेवेचाही विचार करावा. विज्ञान शाखेतून बारावी झाल्यावर चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो. त्यातील शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. म्हैसूरची अखिल भारतीय संस्था १९६५ पासून आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून ह्या क्षेत्रात कार्य करीत आहे.

आणि घरात एखादे लेकरू अडखळत असेल, तर त्यास हसू नये, रागे भरू नये, त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. धीराने ऐकावे आणि वेळीच तज्ज्ञाकडे न्यावे. गळा हे देवाचे देणे आहे. मुक्या झालेल्या भावाच्या कामी आल्याने त्याची शोभा वाढेलच.